बहिणाबाईंचं गाणं: घरोटापासून तबकडीपर्यंत

१९३६ साली मराठी साहित्य संमेलन जळगावात भरलं. अध्यक्ष होते माधव जूलियन. मराठी छंदांचा त्यांच्याइतका कसून विचार केलेला माणूस त्या काळात शोधून सापडला नसता. ‘छंदोरचना’ हा त्यांचा ग्रंथ वगळून आजही वृत्तांच्या अभ्यासकाला पुढे जाता येत नाही. त्याच जळगावात, जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात, छपन्न वर्षांची एक शेतकरीण आठ अक्षरांच्या ओळीला ओळ जोडत गाणी रचत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या गाण्यांचं पुस्तक निघायला अजून सोळा वर्षं होती, आणि ते निघालं तेव्हा ती या जगात नव्हती.

बहिणाबाई चौधरी हे नाव आज शाळकरी पोरही सांगेल. पाठ्यपुस्तकात त्या आहेत, शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारात आहेत, लग्नातल्या भाषणांत आहेत. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं गेलं तेव्हा त्यामागे ‘कवयित्री’ हा शब्दही जोडला गेला. तो मान त्यांना शोभतोच. पण त्या मानाखाली एक गोष्ट झाकली जाते आणि मला ती फार मोलाची वाटते. बहिणाबाईंनी कविता लिहिली नाही. त्यांनी गाणं रचलं आणि गायलं. शब्द त्यांचे, गळाही त्यांचाच. स्वतःची गाणी स्वतः रचून गाणाऱ्याला हल्ली सिंगर-साँगरायटर म्हणतात. गिटार घेऊन बसलेला तो गायक आणि घरोट ओढत बसलेल्या बहिणाबाई एकाच जातीचे कलावंत आहेत. त्यांचं गाणं टिपलं कसं गेलं, कुणी टिपलं, त्यातलं काय हाती लागलं आणि काय निसटलं, हे या लेखात पाहायचं आहे.

आसोदे हे जळगावजवळचं गाव. तिथल्या महाजनांच्या घरी १८८० साली नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाई जन्मल्या. वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं. काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपानदेव हे मुलगे. तिशीत वैधव्य आलं. त्यानंतरची चाळीस वर्षं शेत, घर आणि गोठा यांच्यात गेली, आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावातच त्यांचा शेवट झाला. कार्यक्रम नाहीत, बिदागी नाही, गुरूकडची तालीम नाही.

याच गावात त्या काळात छापील कवितेचं वारं मात्र जोरात होतं. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना तिथं ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षी बहिणाबाईंना सोपानदेव झाले. पुढे १९३६ चं जळगावचं संमेलन झालं, १९४४ साली मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखाली धुळ्याचं झालं. साहित्य संमेलनाचे मांडव बहिणाबाईंच्या हयातीत दोनदा खान्देशात पडले. जळगावच्या मांडवापासून तर त्यांचं गाणं चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि तरी तिथवर गेलं नाही, कारण तिथं जायला लागणारं वाहन म्हणजे कागद, आणि तो त्यांच्या हातात नव्हता.

गाणं रचण्याची त्यांची वेळ म्हणजे कामाची वेळ. खान्देशात जात्याला घरोट म्हणतात. ‘घरोट’ याच नावाचं त्यांचं गाणं आहे. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशी शेतीची कामं ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं त्यांची गाणी लावता येतात. मोटेवर गाणं आहे, बैलगाडीवर आहे, पोळ्यावर आहे, आखाजीवर म्हणजे अक्षय्य तृतीयेवर आहे. धान्य उपणताना वाऱ्याची वाट पाहावी लागते, आणि उपणणीच्या गाण्यात बहिणाबाई वाऱ्याशीच बोलतात. मळणी झालेल्या खळ्यावर वारा पडला तर दिवस वाया जातो, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या आर्जवातली घाई लगेच कळते. ही गाणी कामाबद्दलची आहेत एवढं म्हणून भागत नाही. ती कामाच्या आत बसून झालेली आहेत. हात गुंतलेले आणि मन मोकळं, अशा अवस्थेत.

दुःखाची गाणीही तशीच आली. नवरा गेल्यावर हात पाहायला दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात, असं एक गाणं आहे. माहेरची वाट, तिथले दगडधोंडे, सासुरवाशीण आणि योगी यांच्यातले सवाल-जवाब, हे सगळं गाण्यात आहे. माहेरचं एवढं गुणगान का करतेस, असं योगी विचारतो आणि ती त्याला उत्तर देते. दोन आवाजांचा हा संवाद रचणारी बाई एकटीच होती, आणि तिनं रंगमंच कधी पाहिलेला असो वा नसो, नाट्याचं तिचं भान पक्कं होतं.

आता त्या आठ अक्षरांकडे येऊ. ‘अरे संसार संसार’ हे नाव बोटांवर मोजा: आठ अक्षरं. ‘मन वढाय वढाय’: आठ. ‘बिना कपाशीनं उले’: आठ. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब इथं लागत नाही, फक्त अक्षरांची संख्या सांभाळायची आणि ओळीच्या शेवटी यमक जुळवायचं. लहान अभंगाचे चरणही आठ अक्षरांचे असतात, त्यामुळे भजन-कीर्तन कानावर पडणाऱ्या कुठल्याही गावातल्या बाईला हे माप शिकवावं लागत नाही. ते कानात बसलेलं असतं. आठ अक्षरं एका श्वासात आरामात मावतात. पुष्कळ ओळींत चार अक्षरांवर जरासं थांबता येतं, तिथं ओळीचे दोन सारखे तुकडे पडतात आणि घरोट ओढण्याच्या लयीशी ते जुळतात.

न लिहिता रचणाऱ्याला या मापाचा आणखी एक फायदा होतो. प्रत्येक कडवं आपल्या जागी पुरतं असतं. आज चार सुचली, उद्या दोन जोडली, परवा एक विसरलं तरी गाणं मोडत नाही. पहिल्या ओळीत शब्दाची द्विरुक्ती होते, ‘संसार संसार’, ‘वढाय वढाय’, आणि तेवढ्या वेळात पुढची ओळ मनात तयार होते. लिहिणारा कवी खाडाखोड करायला कागद वापरतो. तोंडी रचणारा हा वेळ गाण्याच्या बांधणीतूनच काढून घेतो. बहिणाबाईंच्या पुनरुक्तीला साधेपणा म्हणून गोंजारणारी समीक्षा मला पटत नाही. ती कसबी माणसाची युक्ती आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ओव्या गाणाऱ्या बायकांनी ती घासूनपुसून ठेवलेली होती.

त्या परंपरेपेक्षा बहिणाबाई वेगळ्या कुठे? ओवी सहसा सगळ्यांची असते. एकीनं म्हटलेली ओवी दुसरी उचलते, भावाचं किंवा गावाचं नाव बदलते आणि पुढे नेते. मालकी कुणाचीच नसते. बहिणाबाईंनी तेच माप घेतलं, पण विचार आपला एकटीचा घातला आणि एकाच विषयावर दहा-दहा कडवी चढवत नेली. सुगरणीच्या खोप्याकडे पाहताना त्या पक्ष्याच्या कारागिरीवरून माणसाच्या हातांवर येतात. कापसाच्या बोंडावरून माणसाच्या वागण्यावर येतात. असा लांबवर नेलेला विचार ओवीत एरवी दिसत नाही. म्हणूनच त्यांना लोकगीतांच्या ढिगात टाकून चालत नाही आणि पुस्तकी कवितेच्या कपाटातही त्या पुरत्या मावत नाहीत.

हे गाणं कागदावर आलं ते मुलामुळे. सोपानदेव शाळेत शिकत होते. पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं त्यावर गाणं रचलेलं होतं, अशी आठवण सांगितली जाते. वाचून दाखवलेली गोष्ट रातोरात गाणं होऊन परत येते हे पाहिल्यावर मुलाला आईच्या गाण्याची किंमत कळली. मग सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी आईच्या तोंडून ऐकतील तसं वहीत उतरवू लागले. सोपानदेव स्वतः पुढे नावाजलेले कवी झाले, ‘काव्यकेतकी’ हा त्यांचा संग्रह निघाला. तरी त्यांच्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम ती वहीच, असं मी मानतो, आणि यात त्यांच्या कवितेचा अवमान नाही. वही सुरू होण्याआधी रचलेली कितीतरी गाणी हवेत विरली होती.

ती वही म्हणजे बहिणाबाईंचं पहिलं ध्वनिमुद्रण. त्यात शब्द आले. बोलीही बरीचशी आली, कारण लिहिणारी मुलं त्याच घरातली होती. परक्या माणसानं लिहिलं असतं तर ‘पोया’चा ‘पोळा’ आणि ‘मले’चं ‘मला’ झालं असतं. पण चाल आली नाही. कोणत्या शब्दावर हेल काढायचा, कुठे थांबायचं, घरोटाचा आवाज कुठे वर यायचा, यातलं काही लेखणीला टिपता येत नाही.

खान्देशात बोललेला शब्द लेखणीनं पकडण्याचं आणखी एक मोठं काम त्याच सुमारास झालं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर एक, अशी अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजी तिथं कैदेत होते. त्यांनी ती भराभर उतरून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून उभं राहिलं. गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते. बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांनी ‘स्त्रीजीवन’ही सिद्ध केलं. त्यातल्या ओव्या कुणा एकीच्या नावावर नाहीत. हजारो गळ्यांतून आलेलं ते धन आहे, आणि तेही शब्दांपुरतंच कागदावर आलेलं.

आवाज टिपणारं यंत्र तोवर आलेलं नव्हतं असं नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीनं कोलकात्यात गायिका गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं तेव्हा बहिणाबाई बावीस वर्षांच्या होत्या. म्हणजे त्यांच्या आयुष्याचा बहुतेक भाग तबकडीच्या युगातच गेला. पण तबकडी निघायची ती विकली जाणाऱ्या गाण्याची: नाट्यपद, भजन, लावणी, पुढे भावगीत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. घरोटावरचं गाणं पायली संपेस्तोवर चालतं, ते श्रोत्यासाठी नसतं, आणि पहाटेच्या अंधारात माजघरात चाललेलं ते गाणं कंपनीचा माणूस ऐकणार तरी कसा?

इतरत्र काही माणसं यंत्र घेऊन अशा गाण्यांकडे गेली. विनोबांची प्रवचनं झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अॅलन अमेरिकेतल्या लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन पोचले आणि लेड बेली या कैद्याची गाणी त्यांनी तबकडीवर उतरवली. जपानमध्ये माचिदा काशो यांनी १९३० च्या दशकात नेता येईल असं यंत्र बरोबर घेऊन गावोगावची शेतकऱ्यांची, कोळ्यांची कामाची गाणी टिपली आणि चालींसकट त्यांचे खंड सिद्ध करण्यात आयुष्य घातलं. धुळ्याच्या कैद्याच्या हाती लेखणी होती आणि अँगोलात यंत्र पोचलं होतं, एवढ्या एका फरकानं दोन ठिकाणच्या ठेव्याचं रूप बदललं. लेड बेलीचा आवाज आज ऐकता येतो. बहिणाबाईंच्या आवाजाची तबकडी निघाली नाही.

छापण्याच्या यंत्रानं मात्र बहिणाबाईंचं लक्ष वेधलं होतं. छापखान्यावर त्यांनी गाणं केलं आहे. कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस तसाच वेडा राहतो, असं त्या त्यात म्हणतात. स्वतःला अक्षरओळख नसलेल्या बाईनं छपाईकडे इतक्या बारकाईनं पाहावं, तिचं कौतुक करावं आणि माणसाची कीवही करावी, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

त्यांच्या निधनानंतर सोपानदेवांनी भीतभीत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचली, हे बावनकशी सोनं आहे असं म्हणत डोक्यावर घेतली आणि दीर्घ प्रस्तावना लिहिली. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. नाव ठेवताना ‘गाणी’ हा शब्द राखला हे फार बरं झालं. अत्र्यांच्या लेखणीमुळे पुस्तक घरोघरी गेलं. पण त्याचबरोबर अशिक्षित बाईचा चमत्कार ही प्रतिमाही पक्की झाली, आणि कसबाकडे पाहण्याआधी लोक थक्क होऊ लागले. ती सवय अजून गेलेली नाही.

दुसरं ध्वनिमुद्रण, खऱ्या अर्थानं आवाजाचं, झालं १९६१ मध्ये. अनंत माने यांच्या ‘मानिनी’ या चित्रपटात बहिणाबाईंची गाणी घेतली गेली. नायिका जयश्री गडकर, संगीत वसंत पवारांचं. माने आणि पवार ही जोडी दोनच वर्षांपूर्वी ‘सांगत्ये ऐका’मधल्या लावण्यांनी गाजलेली. ढोलकीच्या ठसक्यावर हुकमत असलेल्या या संगीतकारानं बहिणाबाईंच्या शब्दांना हात घालताना ठसका बाजूला ठेवला. ‘अरे संसार संसार’ सुमन कल्याणपूर यांच्या मऊ आवाजात महाराष्ट्रभर गेलं, आकाशवाणीवर लागत राहिलं. ज्यांनी पुस्तक कधी उघडलं नाही अशा लाखो माणसांना बहिणाबाई त्या चालीतूनच भेटल्या.

चित्रपटातलं गाणं तबकडीच्या वेळेत बसवावं लागतं. पुस्तकात हे गाणं कितीतरी लांब आहे. चित्रपटात त्यातली निवडक कडवी आली. निवड चांगली आहे, तरी निवडलेलं तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं आणि उरलेलं मागे पडतं. शिवाय तबकडीवर नावं तीन असतात: गीतकार, संगीतकार, गायिका. बहिणाबाई पहिल्या खान्यात गेल्या. हयातीत ज्या बाईच्या ठायी गाणं सबंध होतं, तिच्या वाट्याला त्याचा तिसरा हिस्सा आला. दोष कुणाचा नाही. चाल हातात नव्हती तर संगीतकारानं ती करायलाच हवी होती. पण आपण ती चाल बहिणाबाईंची समजून गुणगुणतो, तेव्हा ती वसंत पवारांची आहे हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुढे यशवंत देवांनी बहिणाबाईंच्या गाण्यांना चाली लावल्या आणि उत्तरा केळकर यांनी ती गायली. देवांचा सगळा भर शब्दावर असे. ‘शब्दप्रधान गायकी’ हे त्यांचं पुस्तकच आहे. त्यामुळे या ध्वनिमुद्रणांत शब्द पुढे आणि स्वर त्याच्या आधाराला, अशी मांडणी ऐकू येते. ‘बिना कपाशीनं उले’ किंवा ‘माझी माय सरसोती’ ऐकताना प्रत्येक अक्षर वेगळं कानावर येतं. बहिणाबाईंच्या गाण्यात अर्थ दर ओळीला वळण घेत असतो, म्हणून ही पद्धत तिथं जास्त मानवते, असं माझं मत आहे. दूरदर्शनवर भक्ती बर्वे यांनी बहिणाबाईंची भूमिका केली आणि त्या बाईला एक चेहराही मिळाला.

स्टुडिओतल्या गाण्यात अडतं ते बोलीपाशी. बहिणाबाईंची बोली ही जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली लेवा गणबोली. तिच्यात ‘ळ’ जाऊन ‘य’ येतो: जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया, पोळ्याचा पोया. ‘ण’चा ‘न’ होतो. ‘मला’, ‘तुला’ऐवजी ‘मले’, ‘तुले’. पश्चिमेकडे धुळ्याच्या बाजूला गेलं की अहिराणी लागते आणि नूर पालटतो: ‘मना’, ‘तुना’, ‘शे’, ‘काय करी राह्यना’. बाहेरचे लोक या दोन्ही बोलींना एकच खान्देशी समजतात आणि बहिणाबाईंची भाषा अहिराणी म्हणून सांगून मोकळे होतात. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननं भारतातल्या भाषांच्या पाहणीत खान्देशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या शेजारी, नवव्या खंडात नेऊन बसवलं होतं, १९०७ साली. तेव्हापासूनचा हा घोळ. जयगाव म्हणणाऱ्याला आणि ‘शे’ म्हणणाऱ्याला आपापलं वेगळेपण नेमकं ठाऊक असतं. अहिराणीभाषक धुळेकर बहिणाबाईंना तितक्याच हक्कानं आपल्या म्हणतात, हे मात्र छानच आहे.

अहिराणीच्या गाण्यानं मात्र वेगळीच वाट धरली. तिला अत्रे भेटले नाहीत आणि त्यांच्यावाचून तिचं अडलंही नाही. कॅसेट आली तशी कानबाईची, लग्नाची, आखाजीची अहिराणी गाणी धुळे, शिरपूर, अमळनेर, चाळीसगावच्या दुकानांत विकायला येऊ लागली. मग सीडी, मग यूट्यूब. ‘केसावर फुगे’ हे अहिराणी गाणं तर खान्देशाबाहेरच्या वरातींतही वाजलं, नाचणाऱ्यांना त्यातले निम्मे शब्द कळत नसताना. इथले गाणारे आपलं गाणं स्वतः रचतात, स्वतः गातात आणि मोबाइलवर टाकतात. कागदाच्या वाटेला न जाता गळ्यातून थेट यंत्रात गेलेलं हे गाणं आहे. त्यातलं बरंचसं उथळ आहे, असं नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण बोली जिवंत ठेवण्याचं जे काम या गाण्यांनी केलं ते परिसंवादांनी झालं नसतं.

हरवतंय ते बायकांचं जुनं गाणं. पिठाची गिरणी गावात आली त्या दिवशी घरोट कोपऱ्यात गेलं आणि त्याबरोबर पहाटेची ओवीही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; त्यांतल्या कित्येकींचं आवाजासह ध्वनिमुद्रण झालं, आणि प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचं नाव आणि गाव लिहिलं गेलं. बहिणाबाईंच्या पिढीला जे लाभलं नाही ते या बायकांना लाभलं: आवाज टिपला गेला आणि तो कुणाचा हेही नोंदलं गेलं. खान्देशात आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, श्रावणात कानबाईच्या रात्री जागवतात, भाद्रपदात भुलाबाई बसते. ऐंशीच्या घरातल्या आज्यांना ही गाणी अजून येतात. फोन प्रत्येकीच्या नातवाच्या खिशात आहे.

बहिणाबाईंना ऐकायचं असेल तर मी सुरुवात पुस्तकानं करायला सांगेन, पण डोळ्यांनी वाचून नव्हे. एखादं गाणं मोठ्यानं म्हणा, चालीशिवाय, दर ओळीला किंचित थांबत. ‘जयगाव’, ‘डोया’, ‘मले’ हे शब्द छापले आहेत तसेच उच्चारा, प्रमाण मराठीत ओढू नका; नाहीतर यमकं तुटतील. मग उत्तरा केळकरांचं ध्वनिमुद्रण लावा आणि देवांनी थांबे कुठे ठेवले ते ताडून पाहा. ‘मानिनी’ शेवटी. ‘अरे संसार संसार’ लावताना पुस्तकातलं तेच पान समोर उघडं ठेवलं की चित्रपटात न आलेली कडवी चटकन दिसतात. तबकडी संपल्यावर ती कडवी वसंत पवारांच्या त्याच चालीत म्हणून पाहा. आठ अक्षरांचं माप शेवटपर्यंत तेच असल्यामुळे एकही ओळ अडत नाही.